थांग आणि पत्ता : सागरतळावरील युद्धनौकांची छायाचित्रे व आपले क्रियापद

‘थांगपत्ता’ हा मराठीतील एक अर्थपूर्ण जोडशब्द आहे. ‘थांग’ म्हणजे पाण्याचा तळ, त्याच्या खोलीचा अदमास. ‘पत्ता’ म्हणजे ठावठिकाणा. हा शब्द आपण बहुधा नकारातच वापरतो. बुडालेल्या जहाजाचा थांगपत्ता लागला नाही असे म्हणतो. लागला असे क्वचितच म्हणतो. खोल समुद्रात उतरणाऱ्या कॅमेऱ्यांनी गेल्या काही दशकांत ही स्थिती पालटली. ज्यांच्या ठिकाणाविषयी केवळ तर्क होते अशा कितीतरी युद्धनौकांची छायाचित्रे आज वृत्तपत्रांतून सामान्य वाचकापर्यंत पोचतात. प्रस्तुत टिपणाचा विषय ही छायाचित्रे आणि त्यांच्याखाली लिहिले जाणारे मराठी हा आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, असे छायाचित्र थांग सांगते व पत्ता सांगते. याहून अधिक जे काही ते सांगत असल्याचे आपणांस वाटते, ते वस्तुतः आपल्या क्रियापदाने सांगितलेले असते. आणि ते क्रियापद आपण पुरेशा जबाबदारीने निवडीत नाही.

प्रथम थांगाविषयी. गडमुडशिंगीच्या मळ्यांतून विहिरीची खोली परसांत सांगण्याची रीत जुन्या माणसांच्या तोंडी अद्याप आढळते. कोकणातला खलाशी पाण्याची खोली वावांत सांगतो. एक माप माणसाच्या उंचीवरून निघालेले, दुसरे पसरलेल्या दोन हातांवरून. दोन्हींत खोलीची कल्पना माणसाच्या देहाशी बांधलेली आहे. २०२१ साली फिलिपीन्सच्या समुद्रात ‘जॉन्स्टन’ या अमेरिकी विनाशिकेचे सविस्तर चित्रण झाले, ते ६,४५६ मीटर खोलीवर. म्हणजे सुमारे साडेतीन हजार वाव. हा आकडा उच्चारता येतो, परंतु देहाच्या मापाने त्याची कल्पना करता येत नाही. तेथे सूर्यप्रकाश नाही. समुद्रात साधारण एक हजार मीटरच्या खाली तो पोचतच नाही, आणि त्यातील तांबडा रंग तर वरच्या काही मीटरांतच नाहीसा होतो. म्हणून तेथील प्रत्येक छायाचित्र हे सोबत नेलेल्या दिव्याचे छायाचित्र असते. दिवा कॅमेऱ्याच्या फार जवळ ठेवला तर पाण्यात तरंगणारे कणच उजळून निघतात आणि चित्रभर हिमवृष्टी झाल्यासारखे दिसते. म्हणून तो बाजूला, अंतरावर लावावा लागतो. दिव्याचा पल्ला काही मीटरांचा. त्यामुळे संपूर्ण नौका एका दृष्टिक्षेपात कोणीही पाहिलेली नसते. ‘संपूर्ण नौके’चे म्हणून जे चित्र प्रसिद्ध होते ते असंख्य तुकडे जुळवून रचलेले असते. २०२२ मध्ये ‘टायटॅनिक’ या प्रवासी जहाजाचे जे संपूर्ण चित्र सिद्ध झाले त्यासाठी ७ लाखांहून अधिक छायाचित्रे घ्यावी लागली. ते चित्र खोटे नव्हे. पण ते कोणाच्याही डोळ्यांचे नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे. शिलालेखाचे भग्न तुकडे जुळवून संपादकाने सिद्ध केलेल्या पाठासारखे ते आहे, आणि त्याला संपादित पाठाचेच नियम लावणे योग्य.

टायटॅनिकचा उल्लेख झालाच आहे तर एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. १९८५ साली ते जहाज सापडले, त्या मोहिमेला अमेरिकी नौदलाने पैसा पुरविला तो ‘थ्रेशर’ आणि ‘स्कॉर्पियन’ या स्वतःच्या दोन बुडालेल्या अणुपाणबुड्यांची पाहणी व्हावी म्हणून. रॉबर्ट बॅलार्ड यांनी ती पाहणी आधी उरकली आणि उरलेल्या थोड्या दिवसांत टायटॅनिक शोधले. ही हकीकत २००८ मध्ये उघड झाली. ‘थ्रेशर’वर १२९ व ‘स्कॉर्पियन’वर ९९ माणसे होती. जगाने जे छायाचित्र पाहिले त्याच्यामागे न दाखविलेली छायाचित्रे होती. सागरतळाच्या कोणत्याही चित्राविषयी बोलताना ते कोणी, कशासाठी काढविले आणि कोणती चित्रे मागे ठेवली, हा प्रश्न म्हणूनच पहिला ठरतो.

आता व्याकरणाकडे वळू. छायाचित्राला वाक्य मानले तर त्यात काय असते आणि काय नसते? त्यात दर्शक सर्वनाम असते, स्थलवाचक क्रियाविशेषण असते : ‘हे’, ‘येथे’. जॉन्स्टनच्या नाळेवर ५५७ हा आकडा स्पष्ट दिसतो. १९४५ साली बुडालेली ‘इंडियानापोलिस’ ही क्रूझर २०१७ च्या ऑगस्टमध्ये सुमारे ५,५०० मीटर खोलीवर सापडली, तेव्हा तिच्या अंगावरील ३५ हा आकडा दिसला, आणि जवळच सुट्या भागांची एक पेटी दिसली, जिच्यावर नौकेचे नाव होते. ‘ही ती’ एवढे विधान या अक्षरांनी निर्विवाद सिद्ध होते. मात्र छायाचित्राला भूतकाळ नाही; ते ‘आहे’ म्हणते, ‘झाले’ म्हणू शकत नाही. त्याला नकार नाही; अमुक घडले नाही, हे दाखविणारे चित्र काढता येत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्याला कर्ता नाही. वाकलेला पत्रा दिसतो, वाकविणारा दिसत नाही.

मराठीची गंमत अशी की, कर्त्याचा हा सारा प्रश्न आपण एका धातूच्या रूपांत मांडू शकतो. मज्ज् या संस्कृत धातूला हेमचंद्राने प्राकृतात जे आदेश सांगितले त्यांत ‘बुड्ड’ आहे. आपले ‘बुडणे’ त्याच कुळातले. (तळ या अर्थाचे ‘बूड’ निराळ्या मुळाचे, ‘बुध्न’ या शब्दाशी नाते सांगणारे; पण बोलणाऱ्याच्या मनात दोन्ही केव्हाच एक झाली आहेत.) नौका बुडाली, नौका बुडवली, नौका बुडवून घेतली. ‘बिस्मार्क’ या जर्मन युद्धनौकेचा सगळा वाद या तीन रूपांत सामावतो. २७ मे १९४१ रोजी ती अटलांटिकमध्ये गेली. दोन हजारांहून अधिक माणसे तिच्याबरोबर गेली. ब्रिटिश म्हणत, आम्ही बुडवली. वाचलेले जर्मन म्हणत, शत्रूच्या हाती पडू नये म्हणून आम्हीच तळाच्या झडपा उघडून व स्फोटके लावून बुडवून घेतली. १९८९ साली बॅलार्ड यांनी सुमारे ४,८०० मीटर खोलीवर तिची छायाचित्रे घेतली. सांगाडा पाण्याच्या दाबाने चिरडलेला नव्हता, म्हणजे तळाशी जाण्यापूर्वीच ती पाण्याने भरली होती, असा निष्कर्ष त्यांनी काढला, आणि तो जर्मनांच्या कथनाला अनुकूल होता. पुढे २००१ मध्ये डेव्हिड मर्न्स आणि २००२ मध्ये जेम्स कॅमेरॉन यांच्या मोहिमा त्याच पत्र्यांपाशी गेल्या, आणि पाणतीरांनी काय केले व काय केले नाही याविषयी पुन्हा मतभेदच झाले. चित्रे अधिक स्वच्छ होत गेली. क्रियापद निश्चित झाले नाही. हा कॅमेऱ्याचा दोष नव्हे. प्रयोजकाचा प्रत्यय छायाचित्राच्या भाषेत नाही, एवढेच.

आपल्याकडचे उदाहरण इतके खोल पाण्यातले नाही, परंतु प्रश्न तोच. ३ व ४ डिसेंबर १९७१ च्या मध्यरात्री ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी ९३ माणसांसह विशाखापट्टणमजवळ गेली. राजपूत या विनाशिकेने टाकलेल्या स्फोटकांनी ती बुडवली, असे भारतीय नौदल सांगत आले. पाकिस्तानचे म्हणणे असे की, अपघाती स्फोटाने ती बुडाली. नौदलाच्या खोल पाण्यातील बचाव-वाहनाने सुमारे १०० मीटर खोलीवर तिचे अवशेष पाहिल्याचे वृत्त फेब्रुवारी २०२४ मध्ये आले. मृतांचा मान म्हणून अवशेषांना स्पर्श केला नाही, असेही त्यात होते. अशा प्रसंगी ‘रहस्य उलगडले’ हे शब्द मथळ्यासाठी तयारच असतात. उलगडला तो पत्ता. ‘बुडाली’ आणि ‘बुडवली’ यांमधला तंटा होता तेथेच राहिला. (जाता जाता : ‘पाणबुडी’ या शब्दातील ‘बुडी’ ही मारायची असते, तीत वर येणे गृहीत असते. मराठीने या यंत्राला दिलेले नाव मोठे आशावादी आहे.)

तथापि, कर्ता लपविण्याच्या कामी ‘बुडाली’हून कितीतरी समर्थ असे एक रूप मराठी वृत्तलेखनात रुळले आहे, आणि आमचा मुख्य आक्षेप त्यावर आहे. ते म्हणजे ‘जलसमाधी मिळाली’. मासेमारी बोट असो, धरणाखाली गेलेले देऊळ असो वा युद्धनौका असो, सर्वांना जलसमाधी मिळते. ‘मिळणे’ हे क्रियापद चतुर्थी घेते. बक्षीस मिळते, नोकरी मिळते, वारसा मिळतो. ज्याला मिळते त्याचा तो लाभ असतो, आणि देणाऱ्याचे नाव घेण्याची गरज वाक्यरचनेतच उरत नाही. ‘समाधी’ शब्दाची गोष्ट याहून गंभीर. आळंदीस १२९६ साली ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली, असे आपण म्हणतो. त्यात ‘घेणे’ आहे, संकल्प आहे. बंद दालनात पाणी शिरून मरण पावलेल्या माणसाने काय घेतले? १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट सहाशेंहून अधिक उतारूंसह गेली. ‘रामदास बोट बुडाली’ असेच लोक म्हणत आले, आणि त्या साध्या वाक्यात अधिक सत्य आहे.

‘खुकरी’चे उदाहरण या शब्दाची खरी परीक्षा पाहते. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने दीवजवळच्या समुद्रात तिला पाणतीर मारला. ती काही मिनिटांत गेली. १८ अधिकारी व १७६ नौसैनिक मृत्युमुखी पडले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपले प्राणरक्षक जाकीट दुसऱ्यास दिले व ते नौकेवरच राहिले, असे सांगितले जाते. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळाले. त्यांच्यापुरते ‘जलसमाधी घेतली’ असे कोणी लिहिले तर त्यात अर्थ आहे, कारण तेथे निवड होती. परंतु तेच क्रियापद ‘मिळाली’ करून सबंध नौकेला लावले की दोन्हीकडून अन्याय होतो. ज्याने निवड केली त्याची निवड पुसली जाते. ज्यांना निवड करण्यास अवधीच मिळाला नाही त्यांच्यावर ती लादली जाते. आणि हंगोर वाक्यातून नाहीशी होते. कोल्हापूर-साताऱ्याकडच्या ज्या गावांतून पिढ्यान्‌पिढ्या मुले फौजेत जातात, तेथील घरांना कर्ता वगळलेली वाक्ये ऐकण्याचा पुष्कळ सराव आहे. त्यांत भर घालण्याचे कारण नाही.

येथे एक प्रतिवाद संभवतो. ‘समाधी’चा दुसराही अर्थ आहे : मृताच्या स्थानी उभारलेली वास्तू. अलिबागेस कान्होजी आंग्रे यांची समाधी आहे, ती या अर्थाने. सागरतळावरील नौकेला या अर्थाने समाधी म्हणणे आम्हांस केवळ ग्राह्य नव्हे, तर उचित वाटते. गाझीला स्पर्श न करणाऱ्यांनी तिला हेच मानले. म्हणजे नाम म्हणून शब्द चालतो, क्रिया म्हणून चालत नाही. ‘ही त्यांची समाधी आहे’ या वाक्यात छायाचित्राचे ‘ही’ आणि ‘आहे’ दोन्ही जसेच्या तसे आले आहेत. चित्राला जे माहीत नाही ते त्याच्या तोंडी घातलेले नाही.

छायाचित्राच्या उणिवा इतक्या सांगितल्यावर त्याचे जे सामर्थ्य आहे तेही सांगितले पाहिजे, नाहीतर हे परीक्षण एकांगी होईल. ‘सिडनी’ ही ऑस्ट्रेलियन क्रूझर १९ नोव्हेंबर १९४१ रोजी सर्वच्या सर्व ६४५ माणसांसह बेपत्ता झाली. मार्च २००८ मध्ये ती सुमारे २,४७० मीटर खोलीवर सापडली. तिच्या अवशेषांच्या चित्रांत तोफा आहेत, फाटलेले पोलाद आहे. आणि गाळावर पडलेले बूट आहेत. इतक्या खोलीवर देह उरत नाही, अस्थीही कालांतराने विरघळतात. कमावलेले कातडे मात्र जीवजंतू खात नाहीत, म्हणून बूट राहतात. या चित्राखाली मराठीत काय लिहावे याचा प्रस्तुत लेखकाने पुष्कळ विचार केला. ‘मूक साक्षीदार’ ही ठरीव शब्दजोडी तेथे कोणी वापरील तर ती असह्य होईल. ‘बूट’ एवढेच लिहिता येते. आम्ही वर छायाचित्राला नकार नाही असे म्हटले, ते या एका चित्राच्या बाबतीत काहीसे सैल करावे लागते; बुटात पाय नसणे तेथे दिसते.

खुकरीचे स्मरण दीव येथे आजवर निराळ्या प्रतिमांतून झाले आहे. टेकाडावरच्या स्मारकात काचेच्या पेटीत नौकेची प्रतिकृती आहे. अखंड, डोलकाठीसह, जशी ती ८ डिसेंबरला असेल तशी. सागरतळाचे चित्र जे दाखविते त्याच्या नेमकी उलट ही प्रतिमा. तिलाही भूतकाळ नाही, तिलाही कर्ता नाही; पण आपण तळाचा पुरावा आहोत असा दावा ती करीत नाही, म्हणून तिच्याविषयी तक्रार नाही. माझगाव गोदीत बांधलेली आणि १९८९ मध्ये नौदलात दाखल झालेली दुसरी ‘खुकरी’ २३ डिसेंबर २०२१ रोजी निवृत्त झाली. पुढे तीही दीवलाच देण्यात आली. तेथे जाणाऱ्यास ‘ही खुकरी’ असे सांगितले जाते, आणि ते खरेही असते. पहिली त्याच किनाऱ्यापासून दूर पाण्याखाली आहे. तिचे छायाचित्र उद्या छापायची वेळ आली, तर त्याखालच्या ओळीत ‘हंगोरने’ हा तृतीयान्त कर्ता, ‘बुडवली’ हे क्रियापद आणि १९४ हा आकडा एवढे असावे. कप्तान मुल्लांविषयीचे वाक्य स्वतंत्र लिहावे.