पडद्यावरील कळफलक आणि देवनागरी नक्कल : एक चिकित्सा

खारेपाटण येथे सापडलेला शिलाहार रट्टराजाचा ताम्रपट शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ मधील आहे. त्याची भाषा संस्कृत असून लिपी नागरी आहे. बाळशास्त्री जांभेकर, कीलहॉर्न व वा. वि. मिराशी अशा निरनिराळ्या काळांतील पंडितांनी त्याचे वाचन सिद्ध केले. असा लेख आज संगणकावर उतरवून घेताना अक्षर कोणते, या प्रश्नाच्या जोडीला ते कोणत्या कळीखाली आहे, हाही प्रश्न अभ्यासकापुढे उभा राहतो.

भारतीय मानक संस्थेच्या आय. एस. १३१९४ : १९९१ या प्रमाणात इनस्क्रिप्ट रचना अंतर्भूत आहे. तीत स्वर डाव्या हाताकडे व बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे येतात. रचना शास्त्रशुद्ध आहे यात शंका नाही. परंतु बाजारात मिळणाऱ्या बहुतेक कळफलकांवर केवळ रोमन अक्षरे छापलेली असतात. रोमन ‘जे’च्या कळीवर ‘र’ आहे आणि शिफ्ट दाबून तीच कळ दाबली असता ‘ऱ’ उमटतो, हे पाहून समजण्यासारखे नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत केवळ या एका शिफ्टचे अंतर आहे. सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधील प्रदेशाविषयी लिहिताना ते किती मोठे ठरते, हे सांगावयास नको.

येथे पडद्यावरील कळफलकाचे खरे महत्त्व दिसून येते. निवडलेल्या भाषेची अक्षरे तो डोळ्यांपुढे मांडतो. म्हणून नक्कल करण्यासाठी आज्ञावली रचणारा मजकुराच्या चौकटीबरोबरच हा फलकही आपोआप उघडावा, अशी योजना करू पाहतो. मागणी साधी आहे. तिची पूर्तता मात्र विंडोज कार्यप्रणालीच्या प्रत्येक आवृत्तीत निराळी झालेली आढळते.

विंडोज २००० पासून ‘ओएसके’ नावाचा कार्यक्रम प्रणालीसोबत येत आहे व त्यास नावाने हाक मारणे एवढेच प्रारंभी पुरे होते. पुढे ६४-बिट प्रणाली रूढ झाल्यावर ३२-बिट आज्ञावलीने ‘सिस्टिम३२’ या फोल्डरचा पत्ता दिला, तरी प्रणाली तिला निमूटपणे दुसऱ्याच फोल्डरकडे वळवू लागली. परिणामी फलक उघडता येत नाही, एवढाच निरोप वाचणाऱ्यास मिळे. यावर ‘सिसनेटिव्ह’ या पर्यायी पत्त्याचा किंवा ते वळण तात्पुरते बंद करण्याचा उपाय आहे. तथापि दुसऱ्या उपायात वळण तत्काळ पूर्ववत न केल्यास इतर घटक भरताना घोटाळा होतो. म्हणून पहिला उपाय, अथवा आज्ञावलीच ६४-बिट करणे, अधिक निर्धोक होय.

स्पर्शपटलाच्या काळात ‘टॅबटिप’ हा दुसरा फलक पुढे आला. विंडोज ८ मध्ये तो चालू करताच दिसत असे. २०१६ मधील विंडोज १० च्या वर्धापन आवृत्तीपासून मात्र कार्यक्रम चालू होई, पण फलक दिसत नसे. तेव्हा आज्ञावलीकारांनी अधिकृत पुस्तिकेत नसलेली एक अंतर्गत आज्ञा शोधून काढली. तिचा दोष असा की, ती फलक दाखवीत नाही, तर त्याची स्थिती उलटविते : झाकलेला असेल तर दाखविते, उघडा असेल तर झाकते. त्यामुळे आधीची स्थिती न तपासता तिचा उपयोग केल्यास अक्षर शोधणाऱ्याच्या डोळ्यांसमोरून ऐन वेळी अक्षरे नाहीशी होतात. ‘इनपुटपेन’ हा अधिकृत मार्ग या दृष्टीने अधिक स्वच्छ आहे. परंतु तोही विनंतीच्या स्वरूपाचा असून होकाराची हमी देत नाही.

निर्मात्यांची बाजू सर्वस्वी निराधार नाही. प्रत्येक कार्यक्रम मनास येईल तेव्हा फलक उघडू लागला, तर लिहिणाऱ्यास तो उपद्रवच होईल. फलक कधी हवा हे त्यानेच ठरवावे, हे तत्त्व योग्य आहे. पण या तत्त्वामागे एक गृहीत दडलेले आहे. कळांवरील छापील अक्षरे आणि लिहावयाची भाषा एकच आहे, असे मानूनच प्रत्यक्ष कळफलक जोडलेला असताना पडद्यावरील फलक अनावश्यक समजला जातो. इंग्रजी लिहिणाऱ्यास तो सोय आहे. मराठी लिहिणाऱ्यास पुष्कळदा तो एकमेव दृश्य वर्णमाला आहे. टंकलेखक सरावाने कळा पाठ करीत, असा आक्षेप घेता येईल. परंतु ज्याचा व्यवसाय टंकलेखन त्यास जे साधते, ते वर्षातून एखादा ताम्रपट उतरविणाऱ्या विद्यार्थ्याकडून अपेक्षिणे न्याय्य नव्हे.

एतावता, विभागांतून अशी साधने घडविताना अधिकृत मार्ग प्रथम योजावा. तो निष्फळ ठरल्यास योग्य पत्त्यावरून ‘ओएसके’ उघडावा. उलटविणारी अंतर्गत आज्ञा टाळावी. शिवाय ऱ, ळ, ॲ, अवग्रह अशा चुकण्याजोग्या अक्षरांची छोटी पट्टी साधनातच ठेवणे इष्ट. ‘ॲ’ला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ साली ५.१ या आवृत्तीत मिळाले. जुने फलक त्याबाबत मौन पाळतात. फलक उघडला नाही तर साधन बंद पडत नाही. लिहिणारा हाताशी असलेल्या अक्षरावर भागवितो, ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि पुढील अभ्यासक त्यालाच पाठ समजतो. तांब्यावर कोरलेले अक्षर सहस्र वर्षे टिकले. त्याची नक्कल पहिल्याच पिढीत अशुद्ध होऊ नये, एवढी दक्षता घेणे हे पाठचिकित्सेचेच अंग मानले पाहिजे.