देव नको, औषध हवे

‘मी औषधांचा देव नाही’ असा वेन मुये यांच्या २०१८च्या चिनी चित्रपटाच्या मूळ नावाचा अर्थ. इंग्रजीत त्याचे नाव ‘डाइंग टु सर्व्हाइव्ह’. शांघायमधला चेंग योंग हा कर्जबाजारी दुकानदार रक्ताच्या कर्करोगावरच्या गोळ्या भारतातून चोरून आणतो. स्विस कंपनीची बाटली सुमारे ४०,००० युआनला मिळते. तो भारतीय बाटली ५,०००ला विकतो. सुरुवातीला त्याला यात फक्त धंदा दिसतो.

चित्रपटाचे मोठेपण हिशेबात आहे. इथे दुःख आकड्यांत बोलते. पोलिसांनी पकडून आणलेली एक म्हातारी अधिकाऱ्याला विनवते, हे औषध बंद करू नका. तिचे घर औषधात गेले, घरचे लोक खचले. कायदा अधिकाऱ्याच्या बाजूने आहे, पण तिला द्यायला त्याच्याकडे उत्तर नाही. दिग्दर्शक इथे संगीत चढवत बसत नाही, म्हणूनच प्रसंग मनात रुततो.

शेवटाकडे मात्र तोल जातो. चेंग स्वतः तोटा सोसून गोळ्या वाटू लागतो, पकडला जातो. तुरुंगाकडे निघालेल्या त्याच्या गाडीच्या दुतर्फा रुग्ण उभे राहतात आणि एकेक जण तोंडावरचा मास्क काढतो. डोळे पाणावतात, हे खरे. पण हे दर्शनच झाले. नावात देवपण नाकारणारा चित्रपट शेवटी देव्हारा मांडतो.

खरी हकीकत वेगळी होती. ज्याच्यावरून ही कथा सुचली तो लू योंग स्वतः ल्युकेमियाचा रुग्ण होता. त्याच्यावर खटला भरला तेव्हा शेकडो रुग्णांनी सह्या करून त्याची बाजू घेतली आणि २०१५मध्ये खटला मागे घेण्यात आला. ज्या रुग्णांनी प्रत्यक्षात सह्या केल्या, त्यांना चित्रपटाने रस्त्याच्या कडेला उभे केले. वाचवणारा निरोगी, वाचणारे आजारी, अशी वाटणी झाली.

भारताच्या वाट्यालाही देवच आले. चेंग इथल्या रस्त्यावर उभा असताना धुरातून देवतांच्या मूर्ती जातात. दृश्य देखणे आहे. पण स्वस्त गोळी त्या धुरातून आली नाही. १९७०च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट नाकारले, म्हणून इथे जेनेरिक कारखाने उभे राहिले. २००५मध्ये ते पेटंट परत आले, तेव्हा कायद्यात कलम ३(ड) घातले गेले: जुन्याच पदार्थाचे नवे रूप अधिक गुणकारी नसेल, तर पेटंट नाही. याच कलमावर १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्लिव्हेकचे पेटंट नाकारले. नोव्हार्टिसविरुद्धच्या त्या लढ्यात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनही होती. या कथेत नायक नाही. आहेत हरकतीचे अर्ज, तारखा आणि वर्षानुवर्षांची चिकाटी.

अभिमान बाळगण्याआधी आपणही हिशेब करावा. निकालाच्या सुमारास मूळ औषधाला महिन्याला सव्वा लाखाच्या आसपास पडत, जेनेरिकला आठ-दहा हजार. फरक प्रचंड, पण रोजंदारीवरच्या माणसाला आठ हजारांसाठीही दागिना मोडावा लागतो, आणि ही गोळी महिन्यापुरती नसते. ‘स्वस्त’ म्हटले की कोणाला, हे विचारलेच पाहिजे. पोलीस ठाण्यातली म्हातारी तेच विचारत होती. चित्रपट तिच्यापाशी संपायला हवा होता.