‘आज भी खरे हैं तालाब’ : देवगडच्या पायऱ्यांवरून पुनर्वाचन

अनुपम मिश्र यांचे ‘आज भी खरे हैं तालाब’ हे छोटेखानी हिंदी पुस्तक दिल्लीच्या गांधी शांती प्रतिष्ठानने १९९३ साली प्रसिद्ध केले. लेखकाने त्यावर स्वामित्वहक्क ठेवला नाही. ज्याला हवे त्याने छापावे आणि वाटावे, अशी मोकळीक दिली. भवानीप्रसाद मिश्रांचे हे चिरंजीव जन्माने वर्ध्याचे, म्हणजे एका अर्थी आपल्या शेजारचेच. २०१६ साली ते निवर्तले. प्रस्तुत लेखकाने हे पुस्तक प्रथम वाचले ते शासकीय सेवेत असताना, आणि प्रांजळपणे सांगावयाचे तर काहीशा रागानेच मिटून ठेवले. समाजाने तळी बांधली, जोपासली. राज्याने ती ताब्यात घेतली आणि गाळात घातली, असा त्याचा रोख. आमच्यासारख्या फायली चालविणाऱ्याला हे झोंबणारच.

निवृत्तीनंतर देवगड पाहून आलो आणि पुस्तक पुन्हा उघडले.

देवगड आपल्याला परके नाही. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला, सौंसर तिकडे गेले आणि देवगड छिंदवाड्यातच राहिले, एवढाच फरक. जाटबा राजाचे नाव या गडाशी जोडलेले आहे; नागपूर वसविणारा बख्त बुलंद शाह याच गोंड घराण्यातला. पुढे अठराव्या शतकात भोसल्यांचा अंमल आला. आठशे विहिरी, नऊशे बावड्या ही इकडची म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. आकडा म्हणीचा आहे, मोजणीचा नव्हे. परंतु गेल्या काही वर्षांत रोजगार हमीच्या कामातून झाडोरा तोडून, गाळ उपसून ज्या बावड्या पुन्हा उजेडात आल्या, त्या पाहिल्यावर म्हणीला हसण्याची इच्छा उरत नाही.

बावडीची युक्ती अगदी साधी आहे, आणि तीच थक्क करते. डोंगरावर पडलेले पाणी वरच्या मुरमात आणि भेगाळलेल्या दगडात मुरते, खालच्या अखंड कातळावर अडते आणि उताराने सरकू लागते. तो झिरा जेथे हाताशी येतो तेथे खोदावयाचे. आतून दगड रचावयाचा तो चुन्याने सांधे न बुजविता, म्हणजे भिंत मातीला अडवील आणि पाण्याला वाट देईल. पाणी जसजसे खाली जाईल तसतसे माणसानेही खाली जावे म्हणून पायऱ्या. भांडे खोल आणि तोंड आवरलेले, त्यामुळे चैत्र-वैशाखातही ऊन सगळे पाणी नेऊ शकत नाही. यात पंप नाही, वीज नाही. ज्याला आपण ‘हरवलेले शास्त्र’ म्हणून गौरवितो त्यातले काहीही हरवलेले नाही. ते करण्याची आपली सवय तेवढी सुटली.

मिश्रांच्या पुस्तकाचे मोठेपण मला येथे उमगले. प्राचीन कारागिरीविषयी लिहिणाऱ्यांची एक जात चमत्कार सांगते, दुसरी अभिमान. मिश्र दोन्ही टाळतात. ते गजधराविषयी बोलतात. हातात गज घेऊन मापणारा, काम पोटात साठविलेला माणूस. आगौर, आगर, नेष्टा हे शब्द ते इतक्या सहजतेने वापरतात की वाचकाला पाणलोट, साठवण आणि सांडवा यांची घडण व्याख्येवाचून कळते. आपल्या ‘पाळ’ आणि ‘बोडी’ या शब्दांची सख्खी भावंडे त्या पानांत भेटल्यासारखी वाटतात. कूडन शेतकऱ्याच्या मुलीच्या विळ्याचे दगडाला लागून सोने होते, आणि राजा तो परीस न घेता तळी बांधावयास सांगतो, ही सुरुवातीची कथा कोणा अभियंत्याने सांगितली असती तर बालिश वाटली असती. मिश्रांच्या लेखणीत ती अर्थशास्त्र सांगून जाते.

तथापि एका शब्दावर मराठी वाचक अडखळतो, आणि अडखळावेच असे मला वाटते. तो शब्द ‘समाज’. पुस्तकभर समाज पाणी साठवितो, पाळ बांधतो, गाळ काढतो. ते पाणी कोणी शिवावे आणि कोणी दुरून ओंजळ धरावी, हेही त्याच समाजाने ठरविले होते. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाणी प्राशन केले ते कोणत्या तळ्याचे? समाजाने जोपासलेल्याच. खोदणाऱ्या हातांविषयी मिश्र आदराने लिहितात, नावे निगुतीने जमवितात. पण ओढलेल्या वेठीविषयी आणि नाकारलेल्या घागरीविषयी त्यांची वाणी मऊ पडते. एवढ्या सावध लेखकाकडून ही उणीव खटकते. बावडीचे दगड गडावर कोणी वाहिले, हा प्रश्न देवगडच्या पायऱ्यांवर बसूनही सुटत नाही.

माझाही एक हिशेब बाकी आहे. सेवेत असताना एका गावात कूपनलिका मंजूर झाली, आणि जुनी बावडी ‘धोकादायक’ ठरवून बुजविण्याच्या टिपणीवर माझी सही झाली. काही उन्हाळ्यांनंतर कूपनलिका आटली. टँकर सुरू झाले. पुस्तक दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर मी मुद्दाम त्या गावी गेलो. बावडीच्या जागी उकिरडा होता. वस्तीच्या टोकाला राहणाऱ्या एका म्हाताऱ्या बाईंजवळ मी चूक कबूल केली. त्या म्हणाल्या, “बावडीचं कायले दुख करता साहेब? तिच्या पायरीवर आमाले कवा उतरू देलं होतं? तुमच्या हापशावर पयल्यांदा सगळ्यायच्या बराबर लाइनीत उभी रायली मी.” मग जरा थांबून, “पन पानी होतं हो तिच्यात. मे महिन्यातबी होतं.”

त्यानंतर बावडी उपसण्याचा अर्ज मी लिहून दिला आहे. पहिली सही त्या बाईंच्या नातवाची आहे.