चाल कुणाची?

यंदाच्या महावीर जयंतीची गोष्ट. आमच्या करजगीत आपली घरं मोजकीच, पण पाळणा म्हणायला बायका नेमानं जमतात. यंदाचा पाळणा मी लिहिला होता. साठ प्रती छापून घेतल्या आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'शब्द व चाल' म्हणून माझं नाव. खोटं कशाला बोलू, त्या ओळीकडे मी घरी दोन-तीनदा कौतुकानं पाहिलंही.

पाळणा झाला, पेढे वाटून झाले. शेजारच्या लिंगायत घरातल्या अज्जी दाराशी बसून ऐकत होत्या. ऐंशी पार केलेल्या. मराठी सगळं कळतं, बोलतात मात्र कानडी. मला जवळ बोलावून म्हणाल्या, "इदु नम्म जोगुळ अल्लेनव्वा?" म्हणजे, हे तर आमचंच अंगाईगीत नाही का गं? आणि कापऱ्या आवाजात त्यांनी दोन ओळी म्हणून दाखवल्या. शब्द कानडी, पण वळणं तीच. जिथे मी सूर खाली आणून थांबले होते, तिथेच त्याही थांबल्या.

मग आठवलं. माझी धाकटी झाली तेव्हा याच अज्जी तिला मांडीवर घेऊन हेच म्हणायच्या. ती चाल माझ्या कानात पंचवीस वर्षं मुरत पडली आणि बाहेर आली ती माझी म्हणून. मी मुद्दाम केलं नव्हतं. पण छापलेलं नाव तर माझंच होतं ना!

आता गंमत बघा. मुलगा मोबाइलवर एखादं जुनं हिंदी गाणं आणि त्याचं परदेशी मूळ एकापाठोपाठ ऐकवतो, तेव्हा "मेले चोर सगळे!" म्हणणारी मीच. त्या दिवसापासून तो शब्द तोंडातून निघेना. म्हटलं, आधी नीट विचार करावा. प्रेरणा कुठे संपते आणि चोरी कुठे सुरू होते?

पहिली गोष्ट अशी, की दुसऱ्याची चाल घेणं आपल्याकडे कधीच पाप नव्हतं. आपल्या मंदिरातली स्तवनांची वही उघडा. प्रत्येक स्तवनावर 'तर्ज' म्हणून एखाद्या सिनेमाच्या गाण्याचे शब्द असतात. मराठी रंगभूमीनंही तेच केलं. अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात रंगमंचावर आलं. अण्णासाहेब बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, म्हणजे आपल्यासारखेच दोन भाषांच्या शिवेवरचे. त्यांनी कानडी पदांच्या चाली घेतल्या, लावणीच्या घेतल्या, कीर्तनातल्या साक्या-दिंड्या घेतल्या. पण पदाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून मूळ गाण्याचा निर्देश छापला. त्यांना कुणी चोर म्हटलं नाही. उलट मराठी संगीत नाटकाचे जनक म्हटलं.

ती एक ओळ हिंदी सिनेमानं मात्र गाळली. पडद्यावर 'संगीत' म्हणून एकच नाव झळकतं आणि बाकीचं गुलदस्त्यात राहतं.

म्हणून सगळे सारखे, असं मात्र नाही. 'छाया' (१९६१) मधलं तलत आणि लताबाईंचं युगलगीत आठवा. सलील चौधरींनी त्याची सुरुवात मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीवरून घेतली. ती सिंफनी १७८८ सालची. पण गाणं पुढे जातं ते आपल्या वाटेनं. तलतच्या आवाजातला तो हलका कंप आणि त्यातला आपल्याकडचा लाजरा विरह मोझार्टजवळ नाही. 'अभिमान' (१९७३) मध्ये सचिनदेव बर्मननी एका युगलगीतासाठी रवींद्रनाथांची चाल घेतली. आणि रवींद्रनाथांनी तरी काय केलं होतं? स्कॉटलंडची लोकगीतं ऐकून त्यांच्या चालींवर बंगालीत गाणी रचली होती. ती आज बंगालच्या घराघरांत आपली म्हणून गायली जातात. लेक सासरी जाते, तिथलं नाव लावते, तिथल्या चुलीशी रुळते, पण चेहऱ्यावर माहेर दिसतंच. चांगल्या चालीचं असंच होतं. मी याला प्रेरणा म्हणते. घेणाऱ्यानं स्वतःच्या पदरचं काहीतरी घातलेलं असतं.

राग तर कुणाच्याच मालकीचा नाही. यमनमध्ये शेकडो गाणी आहेत, आणि ती एकमेकींच्या बहिणी वाटल्या तर नवल नाही. तेवढ्यावरून बोट दाखवणं अन्यायाचं आहे.

आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण 'सैराट'चं. चित्रपट २०१६ चा, आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात चित्रित झालेला. त्यातलं 'झिंगाट' आमच्याकडे आधी मराठीत वाजलं. पुढच्याच वर्षी 'मनसु मल्लिगे' आला आणि वरातीत पोरं तेच कानडीत नाचू लागली. २०१८ मध्ये 'धडक'बरोबर हिंदीही आलं. तीन भाषा आणि चाल एक, पण तक्रार कुणाचीच नाही, कारण तिन्हीकडे संगीतकार म्हणून अजय-अतुलच. त्याच जोडीनं 'जत्रा' (२००६) मधल्या कोंबडीच्या गाण्याची चाल 'अग्निपथ' (२०१२) मध्ये पुन्हा वापरली. आपल्याच घरातली पैठणी दोन लग्नांत नेसली, तर कोण काय म्हणणार?

याच्या उलट २००८ चं 'क्रेझी ४' प्रकरण. राम संपत यांनी मोबाइलच्या एका जाहिरातीसाठी केलेली धून त्या चित्रपटाच्या गाण्यात न विचारता आली, म्हणून ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. तुकडा काही सेकंदांचाच, तरी न्यायालयानं ती गाणी काढल्याशिवाय चित्रपट दाखवायला मनाई केली. शेवटी दोन कोटी रुपयांवर तडजोड झाल्याचं वर्तमानपत्रांत आलं. 'इतके सेकंद घेतले तर चालतं' असं जे लोक छातीठोकपणे सांगतात, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

पण राम संपतांना वकील करता आला. ज्यांना करता येत नाही त्यांचं काय? २०२० साली बादशाहच्या 'गेंदा फूल'नं धुमाकूळ घातला. त्यातल्या बंगाली ओळी वीरभूमच्या रतन कहार नावाच्या वृद्ध लोकगायकाच्या असल्याचं लोकांनी निदर्शनास आणून दिलं. गाण्याबरोबर त्यांचं नाव नव्हतं, ते 'लोकगीत' ठरलं होतं. माणूस हयात, गरिबीत दिवस काढणारा, आणि त्याचं गाणं देशभर वाजतंय! बोंबाबोंब झाल्यावर बादशाहनं त्यांना पाच लाख रुपये दिले. पुढे २०२४ मध्ये सरकारनं त्यांना पद्मश्री दिली.

इथे मला माझं उत्तर सापडलं. आपण नेहमी विचारतो, 'किती घेतलं?' त्याआधी विचारायला हवं, 'कुणाकडून घेतलं?' मोझार्ट १७९१ मध्ये गेला. त्याचं नाव जगाला पाठ आहे, सलीलदांनी काही सुरावटी घेतल्या म्हणून त्याच्या घरची चूल विझली नाही. रतन कहारांचं नाव गाळलं, की मागे काहीच उरत नाही. आपल्याकडे कायदा आहे १९५७ चा. संगीतकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. पण ज्या गाण्याचा कर्ताच ठाऊक नाही, त्याच्या बाजूनं उभं राहायला कुणी येत नाही. जात्यावरच्या ओव्या, पाळणे, जोगुळं, म्हणजे बायकांनी केलेलं जवळजवळ सगळं गाणं याच रांगेत बसतं. 'पारंपरिक' हा शब्द ऐकायला किती सोज्वळ! पण अनेकदा त्याचा अर्थ एवढाच असतो, की नाव विचारायचे कष्ट कुणी घेतले नाहीत.

न दिलेलं घेणं म्हणजे चोरी, हे आपण लहानपणापासून पाठशाळेत ऐकत आलो. आणि दिलेलं घेऊन देणाऱ्याचं नाव पुसणं? अज्जींनी ती चाल माझ्या लेकीला मायेनं दिलीच होती. चोरी चालीची झालीच नव्हती. झाली होती ती त्या एका छापील ओळीत.

पूर्वी आकाशवाणीवर गाणं लागायचं त्याआधी निवेदिका सावकाश सांगायची, चित्रपट अमुक, गीत अमुक, संगीत अमुक. भाजी चिरता चिरता आपली ती नावं पाठ झाली. आता मोबाइलवर बोट फिरवलं की गाणं सुरू, नावं कोण वाचतो? मैत्रिणींनो, निदान आपल्या मंडळाच्या भजनाच्या वह्यांत तरी 'चाल' ही ओळ पुसू देऊ नका.

मी दुसऱ्या दिवशी अज्जींकडे गेले. म्हटलं, पुस्तिकेत तुमचं नाव घालते. त्या हसल्या. म्हणाल्या, माझी कुठली? माझ्या आईची. आईचं नाव विचारलं, तर थोडा वेळ गप्पच झाल्या. सगळे तिला अव्वा म्हणायचे, म्हणाल्या. मग आठवून आठवून त्यांनी नाव सांगितलं.

साठांतल्या एक्केचाळीस प्रती घरोघर फिरून परत आणल्या आहेत. 'शब्द व चाल' मधलं 'व चाल' खोडून, खाली ते नाव मी पेननं लिहिते आहे. उरलेल्या एकोणीस कुणाकडे असतील, तर आणून द्या.