कडव्या पक्षाला व्यासपीठ : वाद की वितंडा?

जाहीर चर्चेत वंशद्वेषी, टोकाच्या पक्षांना बोलवावे की नाही, हा प्रश्न निघाला की सभागृहात लगेच दोन तट पडतात. एक तट मिलचे नाव घेतो, दुसरा पॉपरचे. सहिष्णुतेच्या विरोधाभासावरची पॉपरची टीप सगळ्यांना ठाऊक असते. पण युक्तिवादाने आणि लोकमताने आवर घालता येतो तोवर बंदी घालणे शहाणपणाचे नाही, हेही तो त्याच टिपेत सांगतो. तेवढे नेमके गळते. असो.

आम्ही आज एकाच कार्यक्रमाची चिकित्सा करणार आहोत. बीबीसीचा 'क्वेश्चन टाइम', २२ ऑक्टोबर २००९. डेव्हिड डिम्बलबी अध्यक्ष, समोर श्रोते, आणि पाहुण्यांत ब्रिटिश नॅशनल पार्टीचे नेते निक ग्रिफिन. वांशिक द्वेष भडकावल्याबद्दल १९९८ साली यांना शिक्षा झालेली. पण २००९ च्या जूनमध्ये त्यांच्या पक्षाने युरोपीय संसदेत दोन जागा जिंकल्या होत्या. बीबीसीचे महासंचालक मार्क थॉम्पसन यांचे म्हणणे असे, की अशा पक्षाला वगळायचेच असेल तर संसदेने तसे ठरवावे, ते प्रसारकाचे काम नव्हे. बाहेर निदर्शने झाली. आत कार्यक्रम झाला, आणि तो सुमारे ८० लाख लोकांनी पाहिला. एरवीच्या दुपटीहून जास्त!

थॉम्पसन यांचा मुद्दा आम्हाला मुळात मान्य आहे. ब्रिटनने उलट प्रयोग करून पाहिला होता ना. १९८८ मध्ये थॅचर सरकारने शिन फेनच्या लोकांचा आवाज प्रसारित करायला बंदी घातली. मग काय झाले? चित्र गेरी अॅडम्स यांचे, शब्द त्यांचेच, आणि आवाज मात्र भाड्याने आणलेल्या नटाचा. सहा वर्षे हे चालले. विचार अडला नाही, उच्चार तेवढे सुधारले असतील.

पण मग बीबीसीने स्वतःचाच युक्तिवाद मोडला. 'इतर पक्षांसारखाच निवडून आलेला पक्ष' म्हणून बोलावले ना, मग इतरांसारखेच वागवायचे. त्या दिवशी ब्रिटनभर टपाल कर्मचाऱ्यांचा संप होता. त्यावर एक प्रश्न नाही! प्रश्न कशावर? चर्चिलचे नाव या पक्षाने वापरावे का, इस्लाम, स्थलांतरितांचे धोरण. आणि शेवटचा तर असा, की हा कार्यक्रम म्हणजे त्या पक्षाला नाताळची आगाऊ भेटच नाही का?

इथे आपले नैयायिक उपयोगी पडतात. त्यांनी चर्चेचे तीन प्रकार केले. वाद, म्हणजे सत्य कळावे म्हणून केलेली चर्चा. जल्प, म्हणजे जिंकण्यासाठी केलेली. आणि वितंडा, म्हणजे स्वतःचा पक्ष मांडायचाच नाही, फक्त दुसऱ्याचा खोडायचा. आता बघा, कडवा पक्ष जगतो तोच मुळी वितंडेवर. 'यांनी वाटोळे केले' एवढे त्याला पुरते. त्याला स्थापना करायला लावणे, शाळांचे काय, घरांचे काय, पैसा कुठून आणणार हे विचारणे, हीच त्याची खरी अडचण. त्या रात्री झाले भलतेच. सगळे सभागृह वैतंडिक झाले, आणि ग्रिफिन यांना काहीच स्थापावे लागले नाही. झुंडीने घेरले, अशी तक्रार करायला मात्र ते दुसऱ्या दिवशी मोकळे.

एक अपवाद सांगितला पाहिजे. ज्यूंच्या संहाराबद्दल आपण पूर्वी असे का बोललो, हे युरोपीय कायद्यामुळे सांगता येत नाही, असे ग्रिफिन म्हणाले. पाहुण्यांत न्यायमंत्री जॅक स्ट्रॉही होते. ते म्हणाले, असा कायदा नाही, बोला. ग्रिफिन नुसते हसले, आणि का हसता, हेही डिम्बलबींनी विचारले. तेवढी दोन मिनिटे खरी उलटतपासणी होती. पुढे स्थलांतराच्या प्रश्नावर स्ट्रॉच गोलगोल बोलू लागले. तिथे ग्रिफिन यांना तोंड उघडायचीही गरज नव्हती. इतरांनी टाळलेला प्रश्न, हेच तर अशा पक्षाचे भांडवल.

पुढच्या वर्षीच्या सार्वत्रिक निवडणुकीत पक्षाला १.९ टक्के मते पडली, जागा एकही नाही. म्हणून कार्यक्रमाने पक्ष संपवला म्हणावे, तर ते काकतालीय झाले. फ्रान्समध्ये १९८४ च्या फेब्रुवारीत ज्याँ-मारी ल पेन टीव्हीच्या मोठ्या मुलाखतीला बसले, आणि जूनमध्ये त्यांच्या पक्षाला जवळजवळ ११ टक्के मते मिळाली. एकाच औषधाचे दोन गुण कसे?

आक्षेप आम्ही ऐकला आहे, आणि तो हलका नाही. ग्रिफिन यांच्या शेजारी बॉनी ग्रीअर बसल्या होत्या, कृष्णवर्णीय लेखिका. आपण या देशाच्या आहोत की नाही, हा विषय त्यांच्यासमोर चर्चेला ठेवायचा? आमचे उत्तर : नाही. माणसाचे नागरिकत्व हा वादाचा विषय नव्हे, ती वादाची पूर्वअट आहे. ती सांभाळणे अध्यक्षाचे काम. पण थेट प्रक्षेपणात, घड्याळ समोर असताना, किती अध्यक्षांना ते जमते? बेल्जियमचा फ्रेंच भाषिक प्रसारक अशा पक्षांची बातमी देतो, त्यांचे म्हणणे संदर्भासह दाखवतो, पण थेट चर्चेत खुर्ची देत नाही. आम्हाला हा नियम फार कडक वाटतो. मात्र आमच्या स्थापनेच्या अटीची सोय त्यात बीबीसीपेक्षा जास्त आहे, हे नाकारता येत नाही.

वेळ संपली. माईक मागच्या रांगेकडे द्या, आधी विरोधातले प्रश्न घेऊ.