'वस्त्रहरण'मधील मालवणी हेल

मराठी रंगभूमीवर बोलीचे अनुकरण बहुधा नागर नटाने ग्रामीण पात्राचे करावयाचे. गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण'ने (१९८०) ही दिशा फिरविली. येथे गावकरी महाभारतातील प्रसंग रंगभूमीवर आणू पाहतात. पौराणिक पात्रांची भारदस्त भाषा उसनी घेतात आणि घसरून मालवणीत येतात. हसू येते ते या घसरण्याचे. त्यामुळे 'बोलीची टवाळी' हा आक्षेप प्रस्तुत लेखकास पटत नाही. टवाळी असलीच तर ती उसन्या भारदस्तपणाची आहे.

मच्छिंद्र कांबळी यांच्या तात्या सरपंचाची नक्कल पुढे अनेकांनी केली. 'माका', 'तुका', 'खंय' हे शब्द हाती लागले. हेल लागला नाही. वाक्याच्या शेवटी स्वर कोठे लांबवावा हे शब्दकोशात नसते, ते कानानेच उचलावे लागते. (शिव्या मात्र सर्वांना चटकन जमल्या!)

प्रेक्षकांचाही विचार व्हावा. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आलेल्या कामगारांची मोठी वस्ती होती. त्यांच्या नातवंडांपैकी कित्येकांना आजीचे मालवणी समजते, पण उत्तर ती प्रमाण मराठीत देतात. अशा श्रोत्याच्या हसण्यात ओळख किती आणि दुरावा किती, हा खरा प्रश्न आहे. 'वस्त्रहरण'विषयी बोलताना आपण मात्र ५००० हून अधिक प्रयोगांच्या आकड्यापाशीच थांबतो.