चिंटू : एका नायकाची घडण

चित्रकथेचा नायक पराक्रमीच असावा, ही समजूत चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर यांच्या ‘चिंटू’ने १९९१ साली दैनिक ‘सकाळ’मध्ये अवतरून दूर सारली. मोजक्या रेषांचा चेहरा, अभ्यासाचा कंटाळा, खोड्या आणि शेजारच्या जोशीकाकूंशी कुरबुर, एवढ्या भांडवलावर हा नायक उभा राहिला. त्याचे वय वाढत नाही. उणिवाच त्याला जिवंत ठेवतात, हे निर्मात्यांचे खरे यश होय. तथापि त्याचे विश्व शहरी मध्यमवर्गीय आहे. जालना जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांमागे ज्याची शाळा सुटते, ते लेकरू त्या चौकटीत कोठे आहे? रेषा तीच चालेल. अंगण मात्र बदलावे लागेल. आमच्या तरुण चित्रकारांनी हे काम हाती घ्यावे, असे आम्हांस वाटते.